रंग पातळ कर, बाबा



या कार्यक्रमासाठी मला विचारणा झाली तेव्हा अपेक्षा अशी होती की मी नोकरी, करिअर, मुलांच्या शिक्षणाचं नियोजन अशा एखाद्या विषयावर बोलेन. साहजिक आहे. वीस वर्षं आयटी कन्सल्टिंगमध्ये काढली, मधे एमबीए केलं, आणि कुठल्याही विषयाचे तीन मुद्दे पाडून बोलायची सवय अंगात मुरली आहे. पण मी म्हटलं, मला तीन सेंटीमीटर उंचीच्या प्लॅस्टिकच्या शिपायांना रंग देण्याबद्दल बोलायचंय. फोनवर जरा वेळ शांतता. मग पलीकडून आवाज आला, "बोला की!"

तर आज त्याबद्दल. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात दहा ते सोळा वयाचं मूल आहे त्यांनी जरा कान देऊन ऐका. बाकीच्यांनी चहा घेत ऐकलं तरी चालेल.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. याला टेबलटॉप वॉरगेमिंग म्हणतात. जेवणाच्या टेबलावर दोन खेळाडू आपापली सेना मांडतात. फासे टाकायचे, टेपने इंच मोजून शिपाई पुढे सरकवायचे, आणि मधूनमधून नियमांच्या जाडजूड पुस्तकावरून वाद घालायचे. बुद्धिबळ आणि सारीपाट यांचं लग्न लावून द्यावं तसा खेळ. फरक एवढाच, की यातल्या सोंगट्या तयार मिळत नाहीत. प्लॅस्टिकच्या चौकटीत हात, पाय, डोकी, शस्त्रं सुटी सुटी असतात. ती कापायची, घासायची, चिकटवायची आणि मग रंगवायची. शिपाई साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंच. त्याच्या पट्ट्याचं बक्कल मोहरीएवढं आणि डोळा खसखशीएवढा.

हे खूळ या देशात जुनं आहे. विज्ञानकथा लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारं ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तकच लिहिलं होतं. आजचा सर्वांत मोठा खेळ म्हणजे वॉरहॅमर. तो काढणारी गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. वॉरहॅमर १९८३ साली आला, आणि त्याचं दूरच्या भविष्यकाळातलं भावंड, वॉरहॅमर ४०,०००, हे १९८७ साली. कंपनीचं मुख्यालय आज नॉटिंगहॅममध्ये आहे. त्या भागात लहान-मोठे इतके मूर्तिकार आणि कारखानदार जमले आहेत की शौकीन मंडळी त्याला ‘लेड बेल्ट’, म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात, कारण पूर्वी हे शिपाई शिशाच्या मिश्रधातूचे असायचे. आणि माझ्यासारख्या एमबीएवाल्यांसाठी एक माहिती: डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडन शेअर बाजाराच्या एफटीएसई १०० मध्ये जाऊन बसली, बँका आणि तेल कंपन्यांच्या पंगतीला. तेव्हा "मुलांचा खेळ" म्हणून हसण्यावारी नेण्याआधी थोडं थांबा.

आम्ही डर्बीजवळ राहतो. नॉटिंगहॅम आमच्यापासून अर्ध्या तासावर. पण हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझी लेक बारा वर्षांची असताना शाळेच्या मधल्या सुट्टीतल्या क्लबमधून हा शौक घरी घेऊन आली, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "एका डब्याला एवढे पौंड?" दुसरा प्रश्न, "याचा पुढे उपयोग काय?" तिने पहिल्याचं उत्तर दिलं. दुसऱ्याचं दिलं नाही.

तुम्हाला एक गंमत सांगतो. या शौकात आईबाप लागतातच, आणि तेही कायद्याने. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना स्प्रे पेंटचा डबा विकता येत नाही, आणि अठराखालच्यांना धारदार क्राफ्ट नाइफ विकता येत नाही. म्हणजे अस्तराचा डबा आणायचा तर बाबा पाहिजे, सुरी आणायची तरी बाबा पाहिजे. मी तेव्हा सोमवार ते गुरुवार क्लायंटकडे, हॉटेलात. शुक्रवारी रात्री घरी आलो की माझ्यापुढे यादी यायची. मी ती ऑनलाइन मागवायचो आणि समजायचो, मी लेकीच्या आवडीत सहभागी आहे.

मग एका सप्टेंबरात माझा प्रोजेक्ट संपला आणि पुढचा लागेना. आयटीतल्या मंडळींना ‘बेंचवर बसणं’ म्हणजे काय ते सांगायला नको. घरी बसलेल्या माणसाला काहीतरी चालवायला लागतं. मी लेकीचा शौक चालवायला घेतला. एक्सेल शीट केली. कुठले शिपाई झाले, कुठले बाकी, दर आठवड्याला किती व्हायला हवेत. तिच्या टेबलाशेजारी उभा राहून विचारायचो, "आज किती झाले?" आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

तिने सहा आठवडे खपून आपल्या तुकडीचा नायक रंगवला होता. निळं चिलखत, लाल अंगरखा, आणि अंगरख्याच्या काठाला हाताने काढलेले पांढरे त्रिकोण. एकेक त्रिकोण तांदळाच्या कणीपेक्षा लहान. सोमवारी तो क्लबमध्ये न्यायचा होता. रविवारी रात्री ती झोपल्यावर माझ्या मनात आलं, हाताळून रंग जाईल, याला व्हार्निश मारून ठेवावं. सकाळी तिला आश्चर्याचा धक्का. नोव्हेंबरचा महिना, बाहेर भुरभुर पाऊस. मागच्या शेडमध्ये गेलो, मॅट व्हार्निशचा डबा हलवला, आणि चांगला सढळ हाताने फवारा मारला.

सकाळी आश्चर्याचा धक्का बसला खरा. नायकावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरट थर धरला होता. निळं चिलखत राखाडी, लाल अंगरखा गुलाबट. त्रिकोण दिसतच नव्हते.

याला फ्रॉस्टिंग म्हणतात. हवा थंड आणि दमट असली, किंवा थर जाड बसला, की मॅट व्हार्निश असं पांढरं पडू शकतं. डब्यावर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं. आयुष्यभर इतरांना "डॉक्युमेंटेशन वाचा" सांगत आलेल्या माणसाने ते वाचलं नव्हतं.

लेक रडली नाही, ओरडली नाही. मी म्हटलं, "आपण दुसरा आणू." ही माझी दुसरी चूक. ती म्हणाली, "इट्स फाइन, बाबा." आमच्या घरात एरवी मराठीत बोलणारं मूल ‘इट्स फाइन’ म्हणालं, की काहीही फाइन नसतं हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. तिने नायक उचलला, बाकी सगळे शिपाई, रंग, कुंचले एका खोक्यात भरले आणि खोकं कपाटावर ठेवलं.

रात्री मी बायकोला म्हटलं, "मदतच करत होतो ना मी." ती म्हणाली, "तू तिला विचारलं होतंस का?" मी पुन्हा म्हटलं, "अगं, पण मदतच..." ती म्हणाली, "ते नाही विचारलं मी."

दोन आठवडे खोकं कपाटावरच होतं. मग मी काय केलं, तर स्वतःसाठी पाच शिपायांचा एक छोटा डबा आणला. जेवणं झाली की टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसायला लागलो. तिला काही म्हटलं नाही. सुरी लागून बोट कापलं. गोंद जास्त लावला. या प्लॅस्टिकचा गोंद चिकटवत नाही, तो प्लॅस्टिक वितळवून जोड करतो, त्यामुळे एका शिपायाचं तोंडच वितळलं. मग रंग बाटलीतून थेट कुंचल्यावर घेऊन थापला. पाचव्या संध्याकाळी ती पाणी प्यायला आली, माझ्या मागे थोडा वेळ उभी राहिली, आणि म्हणाली, "रंग पातळ कर, बाबा."

हा माझा पहिला धडा, आणि तुम्ही आज एवढीच एक गोष्ट घेऊन गेलात तरी पुरे. रंग पातळ करायचा. एक जाड थर दिला तर बारकावे बुजतात, कुंचल्याच्या रेघा उठतात. दोन किंवा तीन पातळ थर द्यायचे, आणि मधला थर वाळेपर्यंत थांबायचं. तिने मला वेट पॅलेट करून दिलं. सँडविचच्या उथळ डब्यात ओला किचन पेपर, त्यावर बेकिंगचा कागद, आणि त्या कागदावर रंगाचे थेंब. खालून ओल मिळत राहते, रंग तासन् तास वाळत नाही. दोन पौंडांचाही खर्च नाही. मग अस्तर, त्यावर मूळ रंग, मग वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग जो खाचाखोचांत उतरून सावली करतो, आणि शेवटी उंचवट्यांवर उजळ छटा. हे सगळं तिने मला शिकवलं. मराठीत. कारण मी मराठीत विचारत होतो, आणि शिकवणाऱ्याला शिष्याच्या भाषेत बोलावं लागतं.

मग नाताळच्या सुट्टीत आम्ही एअरब्रश आणला. तिला पुढे एक मोठा रणगाडा रंगवायचा होता, आणि एवढा सपाट पृष्ठभाग कुंचल्याने एकसारखा रंगवणं कठीण. इथे एक चांगली गोष्ट झाली. कुंचल्यात ती माझी गुरू होती, पण या यंत्रापुढे आम्ही दोघंही पहिलीत.

तुमच्यापैकी कुणी हे घ्यायचं ठरवलं तर आमच्या चुका तुमच्या कामी याव्यात म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

एअरब्रश म्हणजे पेनाएवढी फवारणी. मागून नळीने दाबाखाली हवा येते, वर इवलीशी वाटी असते तिच्यात रंग, आणि आत एक लांब सुई. ही सुई पुढच्या नॉझलचं भोक बंद करून बसलेली असते. ‘ड्युअल ॲक्शन’ प्रकारचा घ्या. त्यात एकाच खटक्याला दोन कामं असतात. खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की सुई सरकते आणि रंग. जितकं मागे ओढाल तितका रंग जास्त. सुरुवातीला ०.३ किंवा ०.४ मिलिमीटरचं नॉझल बरं. ०.२चं बारीक नॉझल फार लवकर तुंबतं, नवशिक्याचा जीव काढतं. कॉम्प्रेसर हवेची टाकी असलेला घ्या. टाकी नसेल तर हवा धक्क्याधक्क्याने येते. आमचा जुन्या फ्रीजसारखा घुरघुरतो. आमचं घर शेजाऱ्यांना भिंतीने जोडलेलं आहे, त्यामुळे रात्री नऊनंतर कॉम्प्रेसर बंद हा नियम आहे.

पहिला आठवडा रंग भरूच नका. वाटीत पाणी आणि निळ्या रंगाचा एक थेंब. सीरियलच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठिपके काढा, मग रेघा, मग जाडीकडून बारीककडे जाणारी रेघ. मला यात पाटीवर मुळाक्षरं गिरवल्याची आठवण झाली. नियम एकच: आधी हवा, मग रंग, थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हे उलटं झालं की पुढच्या वेळी खटका दाबताच सुईच्या टोकाला साचलेला थेंब शिंतोडा होऊन नेमका शिपायाच्या चेहऱ्यावर बसतो.

रंग किती पातळ? सगळे सांगतात, दुधासारखा. आम्ही विचारलं, कुठल्या दुधासारखा? म्हशीच्या नाही, साय काढलेल्या. वाटीच्या कडेला कुंचल्याने एक ओघळ सोडा. तो सरळ खाली उतरून मागे पातळसा पडदा राहिला, तर रंग बरोबर. हवेचा दाब पंधरा ते वीस पीएसआय. शिपायापासून अंतर पाच ते आठ सेंटीमीटर. रंग फार पातळ असला, किंवा फार जवळून मारला, की तो पृष्ठभागावर कोळ्याच्या पायांसारखा चारी दिशांना पळतो. फार लांबून मारला तर वाटेतच वाळतो आणि शिपाई धूळ खाल्ल्यासारखा खरखरीत होतो. या दोन्हींचे नमुने आमच्याकडे संग्रहात आहेत.

तिसरी गोष्ट सफाई. पुरणपोळ्या व्हायला एक तास आणि ओटा आवरायला दोन, तसं हे आहे. दर रंगानंतर पाणी फवारायचं, मग क्लीनर. सुईच्या टोकाला रंग वाळून बसतो तो मधूनमधून ओल्या कॉटन बडने टिपायचा. संपल्यावर सुई काढून पुसायची, आणि परत घालताना जपून, कारण टोक जरा वाकलं तरी फवारा तिरका जातो. नॉझल तांदळाच्या कणीएवढं असतं. ते सिंकवर धुऊ नका. मी धुतलं. मग सिंकखालचा वाकडा पाइप उघडून, बादली लावून, आम्ही दोघांनी अर्धा तास त्या काळ्या चिखलात हात घातले. सापडलं. त्या दिवशी लेक माझ्यासमोर बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसली. नॉझलचे ते पैसे वसूल झाले असं मी धरतो.

चौथी गोष्ट, आणि ही थट्टेची नाही. रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक असला तरी त्याचा धुरळा फुप्फुसात जायला नको. साधा सर्जिकल मास्क याला पुरत नाही. कणांसाठीचा पी३ फिल्टर असलेला, चेहऱ्याला नीट बसणारा मास्क दोघांनाही. सॉल्व्हंट असलेला रंग असेल तर वाफेसाठीचा फिल्टरही हवा, पण मी तर म्हणेन, मुलांबरोबर काम करताना तसले रंग घरात आणूच नका. पंखा लावलेला स्प्रे बूथ मिळतो, त्याची नळी खिडकीबाहेर सोडायची. हिवाळ्यात खिडकी उघडायचा कंटाळा येतो. त्या दिवशी रंगकाम नाही, एवढं साधं आहे. आणि इथल्या दमट हवेत नळीत पाणी साचतं, म्हणून कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप असावा, आणि काम झाल्यावर टाकीतली हवा आणि पाणी सोडून द्यावं.

एअरब्रशचा पहिला चमत्कार आम्ही पाहिला तो झेनिथलचा. आधी शिपायाला पूर्ण काळं अस्तर. मग वरून तिरक्या कोनात राखाडी. मग अगदी डोक्यावरून, दुपारच्या उन्हासारखा, थोडासा पांढरा. दहा मिनिटांत त्या प्लॅस्टिकवर ऊन आणि सावली उतरते. त्यावर पातळ रंग दिला की खालची सावली वर झिरपते.

ते पाहताना मला एकदम पेण आठवलं. माझं आजोळ पेणचं. गणपतीच्या आधी दोन महिने आम्ही मुलं कारखान्यांच्या दारात उभी असायचो. कॉम्प्रेसर घुरघुरतोय, कारागीर स्प्रे गनने अंगाचा रंग मारतोय, आणि पिवळसर गुलाबी छटा पोटावर, सोंडेवर अशी हळूहळू उमलत जातेय. मग दागिने, पितांबर, सोनेरी काम. आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. ती कुणीही करायचं नाही. एक म्हातारे कारागीर यायचे, बैठक मारायचे, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवायचे, श्वास धरायचे आणि रेघ ओढायचे. कारखान्यात तेवढा वेळ कुणी बोलत नसे. डोळे झाले की मातीची मूर्ती आपल्याकडे बघायला लागायची.

मी हे लेकीला सांगितलं, कारण ती खसखशीएवढ्या डोळ्यांशी झगडत होती. तिने विचारलं, "त्यांचा हात हलत नव्हता?" मी म्हटलं, करंगळी टेकवायचे ना. मग आम्ही दोघांनी दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून, कोपरं टेबलावर रोवून पाहिलं. हात खरंच स्थिर राहतो. श्वास सोडत सोडत टोक टेकवायचं. फक्त क्रमाबाबत तिने मला खोडून काढलं. पेणमध्ये डोळे शेवटी, कारण तो हात सहसा चुकत नाही. "आपण डोळे आधी करू," ती म्हणाली, "म्हणजे रेघ बाहेर गेली तर वरून चेहऱ्याचा रंग देऊन झाकता येईल." बरोबर होतं तिचं. आणि मला आवडलं ते हे, की या सगळ्यात ‘आखणी’ आणि ‘अस्तर’ हे दोन शब्द तिच्या तोंडात बसले. शनिवारच्या मराठी शाळेत मी ते तिला पाठ करायला लावले असते तर ती पळून गेली असती.

आता तुम्ही म्हणाल, हे ठीक आहे, पण एवढ्या उठाठेवीतून निघालं काय? माझ्या जुन्या एक्सेल शीटमध्ये लिहायचं तर सगळा हिवाळाभर मिळून माझे नऊ शिपाई झाले. वाईट आकडा आहे. पण त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी, नजर शिपायावरून न हलवता, लेकीने मला सांगितलं की शाळेत तिच्या नावावरून काही मुली तिला चिडवतात. मी समोरासमोर बसून "शाळेत सगळं बरं ना?" असं शंभरदा विचारलं होतं. शंभरही वेळा "हो" असंच उत्तर आलं होतं. आता दोघांचे हात कामात, दोघांच्या नजरा दोन वेगळ्या शिपायांवर, आणि मधे कॉम्प्रेसरची घुरघुर. त्यात तिला बोलणं सोपं गेलं असावं. माझ्याही तोंडावर लगेच तीन मुद्द्यांचा उपाय आला होता. पण सुई रंगाने भरलेली होती, खटका सोडला असता तर शिंतोडा उडाला असता. म्हणून मी गप्प राहिलो. ती आणखी दहा मिनिटं बोलली. शेवटी तिनेच विचारलं, "तू काय केलं असतंस?" तेव्हा मी उत्तर दिलं.

मार्चमध्ये मला नवा प्रोजेक्ट मिळाला. पुन्हा सोमवार ते गुरुवार बाहेर. पण आता सुटकेसमध्ये कुंचले, सहा बाटल्या आणि तो सँडविचचा डबा असतो. हॉटेलच्या टेबलावर मी माझा शिपाई रंगवतो, ती घरी तिचा, आणि मधे फोन नुसता चालू असतो. कधी कधी वीस मिनिटांत चार वाक्यं होतात.

आणि तो पांढरा पडलेला नायक? त्यावर इलाज असू शकतो. बऱ्याचदा वरून चकचकीत व्हार्निशचा पातळ थर दिला की पांढरेपणा उतरतो. मी तिला म्हटलं, "विचारून करतोय. करू का?" तिने तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाली, "राहू दे."

गेल्या दिवाळीत आम्ही किल्ला केला. बाहेर पाऊस, म्हणून गॅरेजमध्ये मोठ्या ट्रेमध्ये बागेतली माती. वर अळीव पेरले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, इथे दुकानात ‘क्रेस’ म्हणून मिळतं ते म्हणजे आपलेच अळीव. चार दिवसांत किल्ला हिरवागार होतो. मातीचे मावळे भारतातून आणताना बॅगेत फुटतात, म्हणून लेकीने उरल्यासुरल्या शिपायांना पुट्टीच्या पगड्या केल्या, ढाली केल्या, आणि एअरब्रशने अंगरखे रंगवले. डोळे आधी, चेहरा नंतर. महाराज तेवढे मातीचे, आजीने स्वेटरमध्ये गुंडाळून पाठवलेले. त्यांना हात लावायचा नाही असं ठरलं होतं.

महादरवाज्यात मात्र तिने तो पांढरा नायक उभा केला. व्हिडिओ कॉलवर माझी आई किल्ला बघत होती. म्हणाली, "बाकी सगळे कसे छान रंगलेत. आणि दारातला हा कोण गं, धुक्यातून चालत आल्यासारखा?"

लेक म्हणाली, "तो बाबाने केलाय, आजी."

मी काहीच बोललो नाही. तो आजही तिच्या टेबलावर आहे, खोक्यात नाही.

तर मंडळी, तुमच्या घरात असं एखादं खोकं कपाटावर गेलं असेल, मग ते रंगांचं असो, तबल्याचं असो नाहीतर फुटबॉलच्या बुटांचं, तर ते तुम्ही उतरवू नका. शेजारी आपलं एक छोटं खोकं उघडून बसा. मूल पाणी प्यायला येईल, मागे उभं राहील आणि तुमचं काहीतरी चुकतंय हे सांगेल. तेव्हा फक्त विचारा, "मग कसं करायचं?"

आणि हो, व्हार्निश मारण्याआधी डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. खिडकी उघडी ठेवा. आणि रंग पातळ करा.